अमेरिकेत सरकारी खर्चाच्या विधेयकाबद्दल पाठवलेलं पत्र सिनेटर स्वतः वाचतात का?

सहसा नाही, कार्यालयातले तरुण कर्मचारी ते वाचतात, विषयवार नोंदवतात आणि आधीच मंजूर झालेल्या मजकुराचं उत्तर धाडतात. म्हणूनच त्या उत्तरात आपल्या नेमक्या प्रश्नाला बगल दिल्यासारखी वाटते. मात्र स्वतःचा अनुभव मांडणारी निवडक पत्रं सिनेटरपर्यंत पोचतात, तेव्हा लिहाच. वार्षिक खर्चाची विधेयकं विषयवार १२ असतात. नुसतं ‘खर्च कमी करा’ न लिहिता शेती, संरक्षण, जे असेल त्याचं नाव घाला आणि सिनेटरच्या राज्यातला आपला पत्ता द्या. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि विधेयकं त्याआधी मंजूर होणं अपेक्षित असतं, पण ऐन सप्टेंबरअखेर टपालावर विसंबू नका: २००१ मध्ये पत्रांतून अँथ्रॅक्स या घातक रोगाचे जंतू पाठवून झालेल्या हल्ल्यांपासून सिनेटचं टपाल आधी बाहेर तपासलं जातं, त्यात दिवस जातात. वेबसाइटवरचा फॉर्म किंवा फोन बरा.