कारडेपोलगतची जमीन अदलाबदलीत देताना

प्रश्न : महापालिका हद्दीत वडील आणि काका यांच्या नावे आमची ३६ गुंठे सामाईक, वडिलोपार्जित जमीन आहे. १४ गुंठ्यांत आमचे घर आणि विहीर आहे. उरलेली २२ गुंठे पट्टी मेट्रोच्या कारडेपोच्या (गाड्या उभ्या करण्याच्या आणि दुरुस्तीच्या आगाराच्या) भिंतीला लागून आहे. डेपोच्या रात्रीच्या आवाजाबद्दल आमच्या आणि मागच्या वस्तीतल्या लोकांनी तक्रारी केल्या. तेव्हा मेट्रो कंपनीने प्रस्ताव दिला की ही पट्टी आम्हाला द्या, तिथे हरित पट्टा करतो आणि डेपोच्या दुसऱ्या टोकाला रस्त्यालगत आमची २२ गुंठे तुम्हाला देतो. पावसाळ्याआधी झाडे लावायची आहेत म्हणून आत्ता संमतीपत्र आणि ताबा द्या, दस्त नंतर होईल, असे अधिकारी सांगतात. नकार दिला तर सक्तीने संपादन करू, असेही सुचवतात. आत्या हयात आहे, पण तिचे नाव सातबाऱ्यावर नाही. सही करावी का?

उत्तर : आज सही करू नका. प्रस्ताव वाईट आहे म्हणून नव्हे. हरित पट्टा झाला तर तुमचे आणि मागच्या वस्तीचे भलेच होईल. पण अदलाबदल म्हणजे एकाच कागदात झालेल्या दोन विक्र्या असतात, आणि तुम्हाला मिळणाऱ्या अर्ध्या भागाची तपासणी अजून कोणीच केलेली नाही.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ११८ प्रमाणे स्थावराची अदलाबदल विक्रीच्याच पद्धतीने, म्हणजे नोंदणीकृत दस्तानेच होते. संमतीपत्राने किंवा ताबा पावतीने कंपनीची जमीन तुमच्या नावावर होत नाही. तुमची पट्टी मात्र प्रत्यक्षात हातातून जाते. एकदा कुंपण पडले आणि झाडे लागली की दस्ताची घाई फक्त तुम्हालाच उरते. त्यामुळे दोन्ही ताबे एकाच दिवशी, दस्त नोंदवल्यानंतर आणि पंचनाम्याने द्यायचे-घ्यायचे. पावसाळ्याची अडचण खरी असेल तर फक्त खड्डे खणून रोपे लावण्यापुरती, मुदतीची लेखी परवानगी द्या. ताबा आणि मालकी तुमच्याकडेच राहील, असे तिच्यात स्पष्ट लिहा.

आता देऊ केलेली २२ गुंठे कंपनीकडे कशी आली, ते पाहा. सगळ्या प्रकरणाचा जीव इथे आहे. डेपोच्या जमिनी साधारण तीन मार्गांनी येतात. पहिला, शासनाने सरकारी जमीन दिली. अशी जमीन बहुधा ठरावीक कारणासाठी, अटींवर किंवा भाडेपट्ट्याने दिलेली असते आणि सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (शासनाच्या अटींखालची जमीन) किंवा शासकीय पट्टेदार असा शेरा असतो. शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय कंपनीला ती कोणाला देताच येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा वाटपाचा आदेश मागा आणि त्यातल्या अटी अक्षरन् अक्षर वाचा.

दुसरा मार्ग संपादनाचा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम ९९ संपादनाचा हेतू बदलण्यावर बंधन घालते. कलम १०१ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षे वापराविना पडलेली जमीन मूळ मालकाकडे, त्याच्या वारसांकडे किंवा शासनाच्या भूमी बँकेकडे परत जाते. तुम्हाला दाखवलेला तुकडा रिकामा पडून असेल, तर तो किती वर्षे रिकामा आहे हा पहिला प्रश्न. शिवाय सार्वजनिक कामासाठी घेतलेली जास्तीची जमीन दुसऱ्या सार्वजनिक कामाला वापरावी, नाहीतर जाहीर लिलावाने विकावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये केरळ राज्य विरुद्ध एम. भास्करन पिल्लई या निकालात सांगितले आहे. तुमची अदलाबदल लिलावाविना होणार, म्हणून ती सार्वजनिक कामासाठीच, हरित पट्ट्यासाठीच होत आहे, हे संचालक मंडळाच्या ठरावात आणि शासनाच्या मंजुरीत कारणांसह आलेच पाहिजे. नाहीतर उद्या मूळ मालकाचा नातू न्यायालयात उभा राहील आणि त्याच्यासमोर तुम्ही असाल.

तिसरा मार्ग थेट खरेदीचा. तो त्यातल्या त्यात स्वच्छ. खरेदीखत आणि ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या नोंदणीकृत व्यवहारांच्या शोधाचा अहवाल) पाहिला की चित्र कळते.

मूळ मालकाचे दावे चालू आहेत का, हेही पाहा, पण दाव्या-दाव्यांत फरक आहे. वाढीव मोबदल्याचा दावा असेल तर तुमच्या मालकीला धक्का नाही, पैसे संपादन करणाऱ्याने द्यायचे असतात. संपादनालाच आव्हान असेल तर मात्र थांबा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे दावा चालू असताना घेतलेली जमीन त्या निकालाला बांधील राहते. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मेट्रो कंपन्या मोठ्या कर्जांवर चालतात आणि कंपनीच्या मालमत्तेवरील बोजा सातबाऱ्यावर दिसेलच असे नाही. कंपनी निबंधकांकडची बोजा नोंदवही ऑनलाइन पाहता येते, ती तपासा. ठराव, वाटप आदेश, निवाडा (संपादनाचा मोबदला ठरवणारा आदेश) आणि शासन मंजुरी यांच्या प्रती कंपनीने दिल्या नाहीत तर माहिती अधिकारात मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवे.

तुमच्या बाजूचे कागदही आधीच नीट करा. आजोबांच्या पश्चात आत्याही वारस आहे. सातबाऱ्यावर नाव नसल्याने तिचा हिस्सा संपत नाही, कारण सातबारा हा महसुली नोंदीचा कागद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. तिला दस्तात सहीसाठी घ्या किंवा तिने राजीखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावे. तोंडी ‘मला काही नको’ यावर भिस्त ठेवू नका. ‘इतर अधिकार’ रकान्यात कूळ, सोसायटीचा बोजा किंवा नागरी कमाल जमीन धारणेचा जुना शेरा आहे का, तेही बघा.

त्याचबरोबर महापालिकेकडून झोन दाखला काढा. पश्चिम महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला देता येत नाही, आणि कंपनी काही शेतकरी नसते. विदर्भ-मराठवाड्यातही तशाच तरतुदी आहेत. विकास आराखड्यात तुमची जमीन रहिवासी किंवा अन्य बिगरशेती वापरात असेल तर सहसा अडत नाही. शेती विभागात असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागेल.

‘२२ ला २२’ हे ऐकायला बरोबरीचे वाटते, पण या व्यवहारात तुमचे सर्वांत मोठे नुकसान इथेच होऊ शकते. सक्तीच्या संपादनाची भीती दाखवली गेली आहे, तर तोच हिशेब मांडून पाहा. शहरी भागात २०१३ च्या कायद्याने बाजारमूल्य, त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम (जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा भरपाई) आणि बाजारमूल्यावर अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंत दरसाल १२ टक्के मिळतात. झाडे-बांधकामाचे मूल्य वेगळे. मेट्रोच्या १९७८ च्या कायद्याखाली संपादन झाले तरी २०१५ पासून मोबदला याच दराने द्यावा लागतो. समजण्यापुरते गुंठ्याला १० लाख धरा. पट्टीचे बाजारमूल्य २ कोटी २० लाख होते. संपादनात किमान ४ कोटी ४० लाख अधिक १२ टक्क्यांची रक्कम येते. समान दराच्या २२ गुंठ्यांत तुम्हाला २ कोटी २० लाखांचीच वस्तू मिळते. शिवाय २०१३ च्या कायद्याच्या कलम २८ प्रमाणे पट्टी तोडल्याने उरलेल्या १४ गुंठ्यांचे जे नुकसान होते, तेही मोबदल्यात धरायचे असते.

म्हणून जास्त क्षेत्र तरी मागा किंवा फरकाची रक्कम तरी. काही रक्कम सोबत असली तरी व्यवहार अदलाबदलच राहतो. मिळणाऱ्या जमिनीच्या रस्त्यालगत असण्याचा फायदा कंपनी पुढे करील. तो मोजा जरूर, पण रेडीरेकनरच्या (शासनाच्या बाजारमूल्य तक्त्याच्या) विभागवार दराने. आणि रस्त्याला खरोखर तोंड आहे का, की मधे कंपनीची दोन मीटरची चिंचोळी पट्टी राहते, हे मोजणीच्या नकाशावर बघा. मधे अशी पट्टी राहिली तर रस्त्यालगतची जमीन कागदावरच रस्त्यालगत असते.

मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडून, दोन्ही जमिनींची, दोन्ही पक्षांसमोर झाली पाहिजे. ‘क’ प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) दस्ताला जोडायची. भिंतीलगतच्या जमिनीत ताब्याची हद्द आणि नकाशावरची हद्द बऱ्याचदा जुळत नाही. डेपोची भिंत तुमच्या हद्दीत आधीच मीटरभर आत आली असेल, तर ते क्षेत्रही हिशेबात धरा.

आता हरित पट्ट्याविषयी, कारण हे सारे त्याच्यासाठीच चालले आहे. मालकी गेली की कंपनीला तिथे उद्या गाड्या उभ्या करायला जादा रूळ टाकता येतील, भंगार साठवता येईल, पार्किंगही करता येईल. ‘हरित पट्ट्यासाठी’ हे शब्द दस्तात नुसते हेतू म्हणून आले तर त्यांचे बळ फार थोडे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे हस्तांतरित जमिनीच्या वापरावर घातलेल्या अटी सर्वसाधारणपणे निष्फळ ठरतात. त्याला अपवाद एकच. हस्तांतर करणाऱ्याने स्वतःकडे ठेवलेल्या दुसऱ्या जमिनीच्या उपभोगासाठी घातलेली अट टिकते. तुमची १४ गुंठे आणि घर तुमच्याकडेच राहत आहे, हे तुमचे मोठे बळ आहे. ती जमीनही परिशिष्टात चतुःसीमांसह लिहा आणि अट नकारार्थी ठेवा. उदाहरणार्थ (पक्षकार क्र. १ तुम्ही, क्र. २ कंपनी; परिशिष्ट अ म्हणजे पट्टी, क म्हणजे उरलेली १४ गुंठे) :

‘परिशिष्ट अ मधील जमिनीवर पक्षकार क्र. २ अथवा त्यांच्याकडून हक्क मिळवणारे कोणीही कोणतेही बांधकाम, रूळमार्ग, वाहनतळ, कार्यशाळा वा साहित्याचा साठा करणार नाहीत. ध्वनिरोधक भिंत, मातीचा बांध व वृक्षलागवड यांस ही मनाई लागू नाही. ही मर्यादा परिशिष्ट क मधील पक्षकार क्र. १ यांच्या जमिनीच्या व घराच्या उपभोगासाठी आहे.’

‘झाडे लावून जोपासू’ ही करावयाची अट आहे. ती कंपनीवर करार म्हणून बंधनकारक राहते, पण पुढच्या घेणाऱ्यावर चालत नाही. ‘करणार नाही’ ही अट त्याच अधिनियमाच्या कलम ४० प्रमाणे माहिती असलेल्या पुढच्या घेणाऱ्यावरही चालते. म्हणून दोन्ही लिहा आणि मनाईची नोंद ‘इतर अधिकार’ रकान्यात करून घ्या. लागवडीसाठी पहिल्या पाच वर्षांचे पाणी, मेलेल्या रोपांची भरपाई आणि चुकल्यास दंड असे वेगळे कलम ठेवा.

मागची वस्ती दस्तात पक्षकार नसल्याने तिला ही अट न्यायालयात बजावता येणे कठीण. त्यांच्यासाठी उपाय महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ चा आहे. महापालिकेने किरकोळ फेरबदलाने ही पट्टी विकास आराखड्यात हरित पट्टा म्हणून दाखवावी. हरकती-सूचना आणि शासन मंजुरीत वेळ जातो, म्हणून वस्तीने अर्ज आत्ताच द्यावा.

आणि कृपा करून नुसत्या झाडांवर समाधान मानू नका. झाडांच्या दोन-चार रांगांनी धूळ आणि उजेड अडतो, आवाज फारसा नाही. डेपोचा त्रास रात्री असतो, कारण शेवटच्या फेरीनंतर गाड्या परत येतात आणि धुणे, तपासणी, चाकांचे लेथकाम, कॉम्प्रेसर हे सगळे तेव्हाच चालते. वळणावर चाके किंचाळतात ते वेगळेच. एका जागी असलेल्या यंत्राचा आवाज मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यावर साधारण ६ डेसिबलने उतरतो. त्यामुळे ध्वनिरोधक भिंत किंवा भरीव मातीचा बांध आणि कॉम्प्रेसरला आच्छादन हे दस्तातच मागा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज असेल तर नियम ७ खाली तक्रार करता येते. दस्ताआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून घराच्या खिडकीशी रात्रीची मोजणी करून ठेवा. पुढे भिंत बांधूनही फरक पडला नाही, हे सिद्ध करायला तोच पुरावा लागेल.

खर्चाचे थोडक्यात. मुद्रांक शुल्क दोन्हींपैकी जास्त मूल्याच्या जमिनीवर, खरेदीखताच्या दराने लागते. वेगळे ठरले नसेल तर ते दोघांनी निम्मे-निम्मे द्यायचे असते. प्रस्ताव कंपनीचा आहे, तर सगळे शुल्क कंपनीने भरावे असे लिहून घ्या. अदलाबदल आयकरातही हस्तांतरणच आहे. २०१३ च्या कायद्याखालील निवाड्याला किंवा कराराला कलम ९६ ने करमाफी आहे, खासगी अदलाबदलीला ती आपोआप मिळत नाही. म्हणून व्यवहार त्या कायद्याखालचा करार म्हणून बसवता येतो का, हे कंपनीला लेखी विचारा आणि सनदी लेखापालाला दाखवल्याशिवाय मसुदा पक्का करू नका.

मिळालेल्या जमिनीची मालकी पुढे बुडाली तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ११९ तुम्हाला नुकसानभरपाई किंवा तुमची जमीन परत मागण्याचा पर्याय देते. पण दस्तात विरुद्ध अट असेल तर तो हक्क जातो. ‘जशी आहे तशी’ किंवा ‘मालकीबाबत कोणतीही तक्रार करणार नाही’ असे वाक्य मसुद्यात दिसले तर ते खोडा. हरित पट्टा उखडून जमीन परत घेणे व्यवहारात अवघड, म्हणून मालकी बुडाल्यास त्या दिवसाचे बाजारमूल्य अधिक १०० टक्के देण्याची हमी लिहून घ्या.

नकार दिला तर ते संपादन करू शकतात का? करू शकतात. पण २०१३ च्या कायद्यात त्याला प्राथमिक अधिसूचना, ६० दिवसांत हरकती, सुनावणी, घोषणा आणि निवाडा अशी वाट आहे. ती एका रात्रीत संपत नाही आणि वर पाहिले तसा तिथला मोबदला तुमच्या विरोधात नाही. त्या भीतीपोटी काही लिहून देण्याचे कारण नाही.

या आठवड्यात कंपनीला वडील, काका आणि आत्या यांच्या सहीने पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात लिहा की अदलाबदलीस आमची तत्त्वतः तयारी आहे. मालकीचे कागद, मंडळाचा ठराव, शासन मंजुरी, दोन्ही जमिनींची संयुक्त मोजणी, मूल्यांकन आणि दस्ताचा मसुदा मिळाल्यावर आम्ही उत्तर देऊ. तोपर्यंत ताबा दिलेला नाही आणि दिला असे समजू नये. दस्त झाल्यावर दोन्ही फेरफार (सातबाऱ्यावरील नावबदलाच्या नोंदी) एकत्र धरायला लावा. नोटिशीनंतर १५ दिवसांची हरकतीची मुदत संपून नोंद प्रमाणित झाली की नव्या सातबाऱ्यावर क्षेत्र, भोगवटा वर्ग आणि तिघांची नावे स्वतः तपासा.