सुशिमापासून सुरुवात कर

सामुराईंचा, म्हणजे जुन्या जपानी योद्ध्यांचा, इतिहास समजून घ्यायचाय आणि जपानलाही जायचंय म्हणतोस, तर अख्खा जपान एकदम कवेत घ्यायला जाऊ नकोस. एकच प्रसंग धर आणि त्याच्या मागे लाग. ‘घोस्ट ऑफ सुशिमा’ हा व्हिडिओ गेम खेळतोयस ना? मग सुशिमा या जपानी बेटावरची 1274 सालची मंगोल स्वारीच घे. तिथल्या कोमोदाच्या किनाऱ्यावर बेटाचा सरदार सो सुकेकुनी मोजके स्वार घेऊन लढला आणि पडला, हे खरं. गेममधला नायक मात्र काल्पनिक आहे. तो हायकू रचतो, पण तो प्रकार रुजला कितीतरी नंतर, सतराव्या शतकात. आणि त्या काळच्या सामुराईचं मुख्य हत्यार होतं धनुष्य, तेही घोड्यावरून.

पुस्तकांआधी ताकेझाकी सुएनागा या सामुराईची चित्रगुंडाळी बघ. तो स्वतः या युद्धात लढला होता. चित्रात त्याच्या जखमी घोड्याचं रक्त उडतंय आणि डोक्यावर दारूगोळा फुटतोय. लढाईनंतर बक्षीस मागायला हा माणूस थेट कामाकुरापर्यंत, म्हणजे सामुराई सरकारच्या दारापर्यंत गेला! मला सामुराई खरा कळला तो इथे. मग त्या गुंडाळीचा इंग्रजी अनुवाद सावकाश वाच.

प्रवासाचं म्हणशील तर आधी फुकुओका शहर. मंगोलांना अडवायला 1276 मध्ये बांधायला घेतलेल्या दगडी तटाचे अवशेष इमाझूच्या किनाऱ्यावर आजही दिसतात. त्या दगडांपाशी निवांत बस, घाई करू नकोस. पुढे फुकुओकाच्याच हाकाता बंदरातून सुशिमाला बोट जाते. बेटावर गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवलेली बरी, म्हणून निघण्याआधीच आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घे.