नव्या ताईला पत्र: आधी आवाज, मग अक्षर

प्रिय ताई,

वयानं तू माझ्या धाकट्या लेकीहून लहान आहेस. पण वर्गातली मुलं आता तुला ताईच म्हणणार, तेव्हा मीही तीच सवय लावून घेते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या अंगणवाडीत मोठ्या गटातली मुलं भिंतीवरचा मुळाक्षरांचा तक्ता घडाघडा म्हणतात, पण वाचता एकालाही येत नाही, असं तू लिहिलंस आणि पुढे विचारलंस, "माझं काय चुकतंय?" तुझं काही चुकत नाहीये. तू जे पाहिलंस तेच मी माझ्या पहिल्या वर्षी पाहिलं होतं, फक्त मला ते कळायला मार्च उजाडला. एक मुलगा होता, पाच वर्षांचा, खणखणीत आवाजाचा. "क कमळाचा, ख खटाऱ्याचा" असं सुरू केलं की ज्ञापर्यंत थांबायचा नाही. पालकसभेत मी त्यालाच उभं करायची. एकदा जुना तक्ता फाटला म्हणून मी त्यातली अक्षरं कापून जमिनीवर पसरली आणि त्याला म्हटलं, घ आण. तो गोंधळला. म्हणाला, "बाई, तक्त्यावर दाखवतो ना." तेव्हा लक्षात आलं की तो घ ओळखतच नव्हता, ओळीतलं चौथं घर ओळखत होता. वर्षभर मी त्याच्याकडून गाणं पाठ करून घेतलं होतं आणि त्याला वाचन म्हणत होते. त्या मुलाचं वर्ष मी वाया घालवलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून तुला सांगते, महिनाभर तो तक्ता उलटा करून ठेव. पहिलं काम कानाचं आहे.

चार वर्षांच्या मुलाला 'भाकरी' म्हणजे खायची गोष्ट. तो शब्द भा, क, री अशा तुकड्यांचा बनलाय हे त्याच्या गावीही नसतं, आणि असायचं कारणही नाही. पण आपली लिपी याच तुकड्यांवर उभी आहे, त्यामुळे ते तुकडे कानाला कळल्याशिवाय अक्षराला धरायला काही मिळत नाही. मुलांना गोलात बसव. प्रत्येकापुढे मूठभर चिंचोके. तू म्हणायचं "डबा", त्यांनी डऽ-बाऽ म्हणत दोन चिंचोके पुढे सरकवायचे. "नारळ" म्हटलं की तीन. "आगगाडी" म्हटलं की चार, आणि इथे मुलं नेहमी हसतात, कारण आगगाडीची रांग खरोखरच आगगाडीसारखी लांब दिसते. आधी टाळ्या, मग चिंचोके, मग उड्या, असं बदलत राहा. नंतर लपवालपवी. मगरमधला म मुठीत लपवला, काय उरलं? गर! फणसातला गर! आगगाडीतून आग काढून घेतली तर? गाडी. पहिले दोन दिवस दोघं-तिघंच उत्तर देतील. आठवडा जाऊ दे.

पोतडीचा खेळही याच दिवसांतला. कापडी पिशवीत वाटी, काडेपेटी, कांदा, चमचा, चाक, मातीची चिमणी असं काहीबाही भर. डोळे मिटून एकेक वस्तू काढायची, नाव घ्यायचं, आणि सुरुवातीचा आवाज सारखा असणाऱ्या वस्तू एका परातीत. एखादं मूल चमचा आणि चाक एकत्र ठेवेल आणि चिमणीशी अडेल. म्हणेल, हिचा च वेगळाय. त्याला चूक म्हणू नकोस. मराठीत च, ज आणि झ दोन-दोन तऱ्हांनी उच्चारतात, आपण मोठी माणसं ते विसरून गेलोय. त्या मुलाचा कान तुझ्या-माझ्यापेक्षा जागा आहे. त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दे.

मग अक्षरं. इथे मी तुला मुळाक्षरांचा क्रम मोडायला सांगणार आहे, आणि तुझ्या पर्यवेक्षिकाबाईंना ते पटणार नाही, तर हे पत्र दाखव. अ, आ, इ, ई पासून ओळीनं सुरू केलंस तर आठवडे गेले तरी मुलाच्या हाती वाचण्याजोगे दोन-चारच शब्द लागतात. त्याऐवजी क, म, न आणि काना घे. एवढंच. पुठ्ठ्याचे तळहाताएवढे तुकडे कापून तीन अक्षरं रंगव, आणि काना म्हणून खराट्याची हीर. जमिनीवर म आणि न ठेव, मुलं वाचतील 'मन'. आता म च्या शेजारी हीर उभी कर. 'मान'! सगळ्यांनी आपापल्या मानेला हात लावायचा. मग ना, शेजारी क. नाक. नाकाला हात. आता तेच तीन तुकडे, हीरसुद्धा तीच, फक्त क आणि न ची जागा बदल. नाकाचा कान झाला! ताई, या क्षणी मुलांचे चेहरे बघ. तीस वर्षांत किती वेळा पाहिलं असेल, तरी माझं मन भरलं नाही. एखादं मूल लगेच पुन्हा बदलून बघतं, कान, नाक, कान, नाक, आणि स्वतःशीच हसतं. अक्षर हलवलं की अर्थ हलतो हे त्याला त्या मिनिटाला कळतं, आणि मला विचारशील तर वाचन तिथे सुरू होतं.

त्याच चार तुकड्यांतून काम, काका, मामा, मका, कमान निघतात. एकाच शब्दात एक अक्षर दोनदा लागतं, म्हणून प्रत्येकाच्या दोन-तीन प्रती कर. हे पक्कं झालं की दुसरी वेलांटी आण. काकाची काकी होते, मामाची मामी होते, मुलांना नातेवाईक जमवायला फार आवडतं. पहिली वेलांटी मात्र मागे ठेव. ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि बोलली जाते नंतर, नुकतंच डावीकडून उजवीकडे बघायला शिकलेल्या डोळ्यांना ते उलटं वाटतं. म आणि भ, घ आणि ध या जोड्या एका महिन्यात आणू नकोस. जोडाक्षरांचा विचारही सध्या नको.

अंगणात खडूनं मोठी अक्षरं काढून त्यांवर उड्या मारत शब्द 'चालायचा', ताटातल्या रेतीत बोटानं गिरवायचं, ओल्या बोटानं पाटीवर काढलेलं अक्षर वाळून जाण्याआधी वाचायचं, हे सगळं तुला सुचेलच. एकच लक्षात ठेव, अक्षर गिरवताना तोंडानं त्याचा आवाज आलाच पाहिजे. नाहीतर ते नुसतं चित्र होतं.

तू लिहिलंस की साधनं नाहीत, खोली लहान आहे. गावातल्या मुलांसाठी बालवाड्या उभ्या करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण तुला यासाठीच करून देते. 1945 साली त्यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं. ताराबाई भावनगरला गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या, मुलांनी साधनं हाताळत आपलं आपण शिकायची माँटेसरी पद्धत त्यांना आतून माहीत होती. पण ती महागडी साधनं गावात कुठून आणणार? त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं, माती हीच साधनं केली. आणि वस्तीवरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे 1957 मध्ये त्या कोसबादच्या टेकडीवर गेल्या आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. 1975 मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. तू ज्या खोलीत उभी आहेस तिच्या नावातच अंगण आहे, तेव्हा खोली लहान पडली तर बाहेर जा.

रोज सकाळी करायची एक गोष्ट. प्रत्येक मुलाच्या नावाची पट्टी कर, मोठ्या अक्षरात. पट्ट्या टेबलावर पसरून ठेव. आलेल्या मुलानं आपली पट्टी शोधून दोरीला अडकवायची, तीच हजेरी. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यात छोटं फूल किंवा मासा काढ, ओळखायला सोपं जाईल, मग चित्र काढून टाक. दिवाळीपर्यंत ती एकमेकांच्या पट्ट्या ओळखायला लागतात आणि न आलेल्या मित्राची पट्टी तुझ्यापुढे आणून धरतात.

आणि मुलांचं बोलणं लिहून घे. यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. कोणी सांगितलं, "आमच्या शेळीनं दोन करडं दिली," की त्याच्यासमोर फळ्यावर तेच वाक्य लिही, बोट ठेवून वाच, त्याला वाचायला लाव. त्याला अक्षरं येत नसली तरी वाक्य त्याचंच असतं, त्यामुळे तो ते 'वाचतो'. मग विचार, यात शेळी कुठे आहे? तो बोट ठेवतो. आपण बोललो ते कागदावर राहतं आणि उद्या पुन्हा तसंच वाचता येतं, ही समज कुठल्याही तक्त्यातून येत नाही. मूल "पानी" म्हणालं तर काय लिहायचं, असा प्रश्न तुला पडेल. मी 'पानी'च लिहिते. माझ्या काही मैत्रिणींना हे अजिबात पटत नाही. पण त्या मुलाच्या घरी सगळे पानीच म्हणतात, आणि पहिल्याच दिवशी फळ्यानं त्याच्या आईला चुकीचं ठरवावं हे मला सहन होत नाही. तू पाणी म्हणत राहा, पुस्तकातलं पाणी वाचून दाखवत राहा, ण हळूहळू येतो.

पुस्तक रोज वाचून दाखव. तेच तेच मागतील, तेच वाच. शब्दांखालून बोट फिरव. मधेच थांबून पुढे काय होणार ते विचार.

आता पालक. "लिहायला कधी लावणार?" हा प्रश्न दर शनिवारी येणार. त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांना लेकराची काळजी आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडं अजून पुरती घडलेली नसतात, पानभर गिरवलं की हात दुखतो, हे सांग. त्यापेक्षा घरी शेंगा सोलायला द्या, घेवडा निवडायला द्या, कणकेचा गोळा द्या, बोटं त्यानं तयार होतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे बालवाडी आणि पहिली-दुसरी मिळून. पहिलीत जाण्याआधी सगळं यायलाच हवं असं नाही, हे पालकसभेत नीट समजावून सांग. आणि एका सभेत त्यांच्यासमोर नाक-कानाचा खेळ घे. माझा अनुभव असा की त्यानंतर प्रश्न कमी होतात, आणि एखादी आई घरच्या खराट्याची हीर घेऊन येते.

सोबत पाठवलेल्या पिशवीत चिंचोके आहेत, धुऊन वाळवलेले. मोठ्या गटापुरतेच वापर आणि खेळ संपला की मोजून परत घे. लहान गटातली मुलं नाकात घालतात, त्यांच्यासाठी बाटल्यांची झाकणं जमव. झाकणं मीही जमवतेय, पुढच्या महिन्यात तुझ्या गावी येईन तेव्हा घेऊन येते. दोरी बांधून ठेव, मला पट्ट्यांची हजेरी बघायची आहे.

तुझी,
बाई