फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलींतील मराठी नावे पोस्टग्रेसमध्ये नेताना

पतसंस्थेच्या सभासदांच्या फॉक्सप्रो या डॉसकालीन माहितीसाठा-प्रणालीतील नोंदी आपल्याला पोस्टग्रेस या आजच्या माहितीसाठा-प्रणालीत न्यायच्या आहेत. पण डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोची नोंदी ठेवणारी फाइल, एक्सेलमध्ये उघडून तिची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) केल्यावर नावांच्या जागी अगम्य चिन्हे दिसतात आणि ००४१७ या खातेक्रमांकाचा ४१७ होतो, असे आपण लिहिले आहे. सर्वप्रथम एक्सेलची पायरीच वगळा. डीबीएफ थेट वाचणारी लहानशी पायथन आज्ञावली पुरते. त्याच नावाची एफपीटी किंवा डीबीटी फाइल शेजारी असेल, तर तीही जपून घ्या, कारण मेमो, म्हणजे लांब मजकुराच्या, रकान्यांतील मजकूर तिच्यातच असतो.

खरे काम नावांचे आहे. त्या काळी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसवून मराठी लिहिली जात असे आणि मजकूर इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या मानक संकेतांत साठवला जाई. पुढे विंडोजवर निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट आले आणि प्रत्येकाची अक्षरमांडणी वेगळी झाली. आपल्याकडे यांपैकी काय आहे, हे ओळखल्याशिवाय एकही नोंद बदलू नका. त्यासाठी ज्याचे आडनाव ‘शिंदे’ असल्याचे निश्चित ठाऊक आहे, अशा सभासदाच्या नोंदीतील बाइट, म्हणजे अक्षरांसाठी साठवलेले आकडे, पाहा. १९९१ च्या इस्की मानकानुसार ते २१३, २१९, १६२, १९६, २२५ असे, म्हणजे श, वेलांटी, अनुस्वार, द, मात्रा या क्रमाने येतात. युनिकोड या आजच्या संकेतपद्धतीतही क्रम हाच असल्याने इस्कीचे संकेतांच्या तक्त्याने रूपांतर बरेचसे सरळ होते, आणि आयसीयू या तयार आज्ञावलींच्या संग्रहात (सॉफ्टवेअर लायब्ररीत) इस्कीचा तयार रूपांतरकही आहे. पहिली वेलांटी मात्र ‘श’च्या आधी साठवलेली आढळली, तर तो फाँटचा संकेत समजावा, मग वेलांटी व्यंजनानंतर आणि रफार व्यंजनापूर्वी हलवणारे स्वतंत्र नियम लिहावे लागतात.

‘कऱ्हाड’ हा शब्द मी प्रत्येक वेळी तपासतो. इस्कीमध्ये साधा र २०७ वर आणि ऱ २०८ वर आहे. तक्ता हिंदीपुरता केलेला असेल, तर दोन्हींचा र होतो आणि गावाचे नाव ‘कर्हाड’ असे रफारासह छापले जाते. सभासदाच्या दाखल्यावर त्याच्या गावाचे नाव चुकलेले असणे मला मान्य होत नाही, म्हणून अशा शब्दांची यादी करून ती डोळ्यांनी वाचून घ्यावी. मूळ बाइटही नव्या तक्त्यात एका वेगळ्या रकान्यात काही महिने राहू द्यावेत, म्हणजे चूक सापडल्यास पुन्हा जुन्या फाइलीकडे जावे लागत नाही.

खातेक्रमांक मजकूर म्हणूनच घ्या आणि रकमांना न्यूमेरिक (दशांश अचूक ठेवणारा) प्रकार द्या. डीबीएफमध्ये खोडलेली नोंद लगेच नाहीशी होत नाही. तिच्या पहिल्या बाइटमध्ये केवळ तारांकन येते आणि ‘पॅक’ आज्ञा दिली जाईपर्यंत ती फाइलीत राहते. एका संस्थेच्या कामात मी ही खूण न पाहता सर्व नोंदी नेल्या आणि बंद झालेली खाती यादीत परत आली. ती शोधून काढण्यात दोन दिवस गेले. खोडलेल्या नोंदी वेगळ्या तक्त्यात ठेवा, उरलेल्यांची संख्या जुळवा आणि शिल्लक रकमेची बेरीज संस्थेच्या त्याच तारखेच्या छापील यादीशी पैशापर्यंत ताडून पाहा.

‘शिंदे’चे बाइट मिळाले की कळवा, केवळ आडनावापुरते आकडे पुरेत, खातेदाराचा अन्य तपशील देऊ नका.