सरकारी गाड्यांचं काम आणि सायबरचं हमीपत्र : वाचकांचे प्रश्न

यावेळी बरेचसे प्रश्न गॅरेज आणि वर्कशॉपवाल्यांचे आलेत, म्हणून आख्खं सदर त्यांनाच दिलंय.

प्रश्न : ताई नमस्कार, आमचं कुर्ल्याला गॅरेज आहे, वडिलांच्या वेळेपासून सरकारी जीप आणि व्हॅनचं मेन्टेनन्स करतो. यावर्षी कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करताना एक हमीपत्र आलंय की आम्ही सायबर सुरक्षेचे सगळे नियम पाळतो. आमच्याकडे एक लॅपटॉप नि पोरांचे मोबाईल, बाकी काही नाही. सगळे म्हणतात फॉर्मॅलिटी आहे, सही मारून द्या. देऊ का?

उत्तर : आत्ता नका देऊ. खात्याकडून आठ-पंधरा दिवस मागून घ्या आणि आधी गॅरेजमधलं नीट करा. सही तुमची, शिक्का तुमचा, उद्या काही झालं तर खातं फाईलमधून पहिला तोच कागद काढणार आणि तेव्हा फॉर्मॅलिटी म्हणणारे कोणी सोबत येणार नाहीत.

एक लॅपटॉप म्हणता ना, त्यात काय काय आहे ते बघा. जॉबकार्डं आहेत, म्हणजे गाडी नंबर, ड्रायव्हरचा मोबाईल, कुठली गाडी कुठल्या साहेबांची, किती किलोमीटर झाली, कधी आत आली नि कधी बाहेर पडणार. पोलिसांची गाडी असेल तर ही माहिती कुणाला हवी असू शकते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आणि हेच सगळं फोटोसकट पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पण फिरत असतं.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गाडीतला बिघाड शोधणाऱ्या स्कॅनरच्या सॉफ्टवेअरची. कितीतरी गॅरेजांत ते क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्स तोडून फुकट वापरलेलं असतं, कोणीतरी पेन ड्राईव्हवर आणून देतं आणि सोबत सांगतं की आधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर चालणार नाही. एकदा बंद केलेला अँटिव्हायरस मग कोणी परत चालू करत नाही. त्यात ईसीयू, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरच्या कोडिंगसाठी बाहेरचा माणूस एनीडेस्कवरून, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायच्या अ‍ॅपवरून, लॅपटॉपमध्ये शिरतो, काम झालं तरी त्याचा पासवर्ड तसाच राहतो, आणि त्याच लॅपटॉपला महाटेंडर्स या सरकारी टेंडरच्या साईटसाठीचं डीएससी टोकन (डिजिटल सहीचा पेन ड्राईव्हसारखा तुकडा) लावलेलं, त्याच ब्राउझरमध्ये जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल नि बँक उघडी. त्या पेन ड्राईव्हमधून काही आलं असेल तर त्याला सगळं एकाच जागी मिळालं.

म्हणून दोन मशीन करा. स्कॅनरचा लॅपटॉप फक्त स्कॅनरचा, त्यावर मेल नाही, बँक नाही, टेंडर नाही. दुसरा ऑफिसचा, त्यावर चालू सपोर्टवाली विंडोज हवी. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला आणि विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. जुना स्कॅनर विंडोज ७ वरच चालत असेल तर चालवा, पण त्याला नेट जोडू नका. ओरिजिनल सबस्क्रिप्शन महाग पडतं हे मान्य, पण क्रॅक कॉपी आणि हे हमीपत्र दोन्ही एका गॅरेजात राहू शकत नाहीत, हे मी स्पष्टच सांगते.

बाकीचं सोपं आहे. प्रत्येकाचा लॉगिन वेगळा, काम सोडून गेलेल्याचा त्याच दिवशी बंद, मेल आणि जेमला ओटीपी चालू, जॉबकार्डांचा बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि ती डिस्क कायम लावून ठेवायची नाही, कारण रॅन्समवेअर, म्हणजे फाईली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस आला तर लावलेली डिस्क पण जाते. हे केलंत की मग सही करा.

प्रश्न : आमचं टेंडर भरणारा एजंट डीएससी टोकन आणि पिन स्वतःकडेच ठेवतो, त्याचे बरेच क्लायंट आहेत म्हणून त्याला सोयीचं पडतं. हे चालतं का?

उत्तर : नाही चालत. कोऱ्या चेकवर सही करून दिल्यासारखं आहे ते. आयटी कायदा २००० च्या कलम ४२ प्रमाणे प्रायव्हेट की, म्हणजे टोकनमधली सही करायची गुप्त किल्ली आपल्या ताब्यात ठेवायची काळजी ज्याच्या नावाचं सर्टिफिकेट त्यानेच घ्यायची, आणि ती कुणाच्या हाती लागली असं वाटलं तर सर्टिफिकेट देणाऱ्या सर्टिफाईंग ऑथॉरिटीला लगेच कळवायचं. टोकन आज घरी आणा, पिन बदला, एजंटने फॉर्म तयार करावा आणि सही करताना तुम्ही समोर बसा.

प्रश्न : आमच्या मेकॅनिकला व्हॉट्सअ‍ॅपवर आरटीओ चलानची फाईल आली, गाडी कस्टमरचीच असेल म्हणून त्याने उघडली. एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल होती. आता त्याच्या फोनवरून सगळ्यांना तीच फाईल जातेय, आणि तो आमच्या सरकारी कामाच्या ग्रुपमध्ये आहे. कुणाला सांगायचं, की गप्प बसायचं?

उत्तर : गप्प अजिबात बसू नका. पहिलं त्या फोनचं नेट बंद करा, सिम काढा, ग्रुपमध्ये दुसऱ्या फोनवरून लिहा की ही फाईल उघडू नका. त्याच्या बँकेला फोन करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

मग सर्ट-इन, म्हणजे सायबर हल्ल्यांचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था. त्यांचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत की असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं. हे फक्त आयटी कंपन्यांना नाही, धंदा करणारी फर्म आली, प्रोप्रायटरशिप पण आली. टोल फ्री नंबर १८००-११-४९४९. सगळं कळल्याशिवाय कळवू नये असं काही नाही, हाताशी आहे तेवढं द्या, बाकी मागून. त्याच निर्देशांत सिस्टिमचे लॉग, म्हणजे मशीनमध्ये कधी काय झालं याच्या नोंदी १८० दिवस ठेवा असंही आहे, तेव्हा घाबरून लॅपटॉप किंवा राऊटर फॉरमॅट करून टाकू नका. आणि ज्या खात्याचं काम करता त्यांच्या अधिकाऱ्याला त्याच दिवशी लेखी मेल. पोराला ओरडू नका, पुढच्या वेळी तो लपवेल आणि ते ६ तास तसेच निघून जातील.

प्रश्न : आम्ही माझगावला जहाजांवरच्या पंप नि क्रेनची कामं घेतो. मेन कॉन्ट्रॅक्टरच्या कागदात 'फार ५२.२०४-२१' असं कलम दिसलं. हे काय आहे?

उत्तर : हा अमेरिकन सरकारी खरेदीचा नियम आहे. माझगाव डॉकने २०२३ मध्ये अमेरिकन नौदलासोबत जहाज दुरुस्तीचा करार केला, तेव्हा अशी कलमं आपल्याकडच्या कागदांत दिसली तर नवल नाही. त्यात १५ मूलभूत गोष्टी आहेत, म्हणजे सिस्टिममध्ये कोण शिरू शकतो ते ठरवणं, पाहुण्याला वर्कशॉपमध्ये एकटं न सोडणं, मालवेअरपासून संरक्षण ठेवणं आणि ते अपडेट करणं वगैरे. त्यांच्या सरकारची कॉन्ट्रॅक्टची माहिती सब-कॉन्ट्रॅक्टरकडे येत असेल तर ते कलम खाली त्याच्यापर्यंत उतरतं. म्हणून मेन कॉन्ट्रॅक्टरला लेखी विचारा की तुमच्याकडे येणाऱ्या ड्रॉईंग आणि वर्क ऑर्डरमध्ये अशी माहिती आहे का. तोंडी उत्तरावर थांबू नका. आणि ते पाळलं म्हणून सर्ट-इनचे नियम सुटत नाहीत, ते वेगळेच लागू.

त्या पंधरातली एक गोष्ट तर प्रत्येक वर्कशॉपने करावी, जुनी डिस्क किंवा पेन ड्राईव्ह टाकताना आतला डेटा पूर्ण पुसणं नाहीतर ती नष्ट करणं. नुसतं डिलीट केलेलं परत काढता येतं. जुना लॅपटॉप लॅमिंग्टन रोडला विकायला नेणार असाल तर हार्ड डिस्क आधी काढून ठेवा, आणि ती नको असेल तर तुमच्याच बेंचवर ड्रिल मारा.