प्रवाळाचे ठोकळे भट्टीत गेले असतील, तर ते आकडे सोडून द्या

विभागाच्या जुन्या संग्रहातल्या पोरायटिसचे (हे एक पाषाणी प्रवाळ) ठोकळे दाबून पाहिले, एकाच वसाहतीतले असून दाबशक्तीचे (किती दाबाला ठोकळा फुटतो त्याचे) आकडे दुपटीने वेगळे आले, आणि प्रयोगशाळा म्हणते नमुनाच सदोष. हे तुमचं वाचून राहवलं नाही. नागपुरातच माझ्या बाबतीत अगदी हेच झालं होतं.

आधी एवढंच विचारा: चाचणीपूर्वी ठोकळे किती तापवले? माझे ठोकळे प्रयोगशाळेने सेंद्रिय अंश जाळायचा म्हणून परस्पर 450 अंशांच्या भट्टीत घातले होते. नाव घेत नाही, पण तिथे रोज सिमेंट आणि दगडच येतात. प्रवाळाचा सांगाडा अरॅगोनाइटचा. एवढ्या उष्णतेत त्याचं कॅल्साइट (तेच कॅल्शियम कार्बोनेट, पण वेगळ्या स्फटिकरचनेचं) व्हायला लागतं, घनता घनसेंटिमीटरला 2.93 ग्रॅमवरून 2.71 वर येते, म्हणजे खनिज जवळपास 8 टक्के फुगतं. मग त्या नाजूक भिंती आणि पडदे तडकणारच. ठोकळा नुसता उचलला तरी कडांची पांढरी भुकटी बोटांना लागत होती! अहवालात तापमानाचा उल्लेखच नाही. लेखी मागितलं तर नुसत्या चकरा, आणि खर्च झालेला नमुना काही परत येत नाही. तुम्ही उरलेल्या तुकड्याचं एक्सआरडी (क्ष-किरणांनी खनिज ओळखायची चाचणी) करून घ्या. कॅल्साइट भरपूर दिसलं, तर तिथेच निकाल लागला. सुकवायला 60 अंश पुरतात.

भट्टी झालीच नसेल, तर वाढीची दिशा बघा. दिशेला समांतर आणि आडवा कापलेला ठोकळा सारखा वागेल ही अपेक्षाच चुकीची. पातळ चकती कापून धंतोलीतल्या दवाखान्यांत कुणी ओळखीचं असेल तर एक्स-रे काढा. दाट-विरळ पट्ट्यांची एक जोडी म्हणजे साधारण एक वर्ष. 1972 साली प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक बेटांच्या प्रवाळांत अणुचाचण्यांच्या किरणोत्सारी खुणांवरून हे पक्कं झालं. त्याच एक्स-रेत लिथोफॅगा शिंपल्यांनी पोखरलेली बिळंही दिसतील. असा ठोकळा सरळ बाजूला ठेवा.

सगळ्या आकड्यांची सरासरी काढा असं तुमचे गाइड म्हणतात, ते मला पटत नाही. प्रत्येक ठोकळ्याची सच्छिद्रता मोजून आकडा तिच्यासमोर मांडा. अर्थात मी स्थापत्य अभियंता नाही, शेवटचा शब्द त्यांचा.

आणि तुलनेला इतवारीतल्या सराफांकडून दागिन्यांतलं लाल पोवळं आणू नका. ते कॅल्साइटचं, घट्ट, वेगळ्याच गटातलं. ऑनलाइन प्रवाळ तर मागवूच नका. पाषाणी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. संग्रहातल्या तुकड्यांचेही जुने कागद विभागाकडून आधी काढून घ्या.