शांघायच्या पोलीस अधिकाऱ्याची पेन्शन कोणी द्यायची होती?

आपण विचारले आहे की, शांघायच्या पोलीस दलातील एका ब्रिटिश अधिकाऱ्याला जपानच्या कैदेतून १९४५ साली सुटल्यावर पेन्शनसाठी वर्षानुवर्षे अर्ज का करत राहावे लागले, आणि कैदेतला काळ सेवेत धरण्याची पद्धत तेव्हा नव्हती का. मी जिल्हा कोषागारात निवृत्तिवेतनाच्या टेबलावर बरीच वर्षे काम केले आहे. कोणतेही प्रकरण हाती आले की आम्ही तीन गोष्टी पाहत असू: नोकरी कोणाची, सेवेत खंड आहे का, आणि देणे कोणाच्या माथी. आपला भर दुसऱ्या गोष्टीवर आहे. मला मात्र या माणसांची खरी अडचण पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीत दिसते.

शांघाय ही ब्रिटिशांची वसाहत नव्हती. तेथील इंटरनॅशनल सेटलमेंटचा, म्हणजे शहरातल्या परदेशी वस्तीच्या भागाचा, कारभार परदेशी करदात्यांनी निवडलेली नगरपालिका पाहत असे आणि १८५४ पासून तिचे स्वतःचे पोलीस दल होते. १९३० च्या दशकाच्या मध्यास या दलात साडेचार हजारांहून अधिक माणसे होती. त्यांत बहुसंख्य चिनी, शिवाय पाचशेच्या वर शीख, आणि युरोपीय व जपानी शाखा वेगळ्या. ब्रिटिश तरुणांची भरती थेट ब्रिटनमध्ये होत असे, हुकूम आणि शिस्त वसाहतीतल्या पोलिसांसारखीच असे, आणि त्यामुळे आपण राजाचे नोकर आहोत असे त्यांतल्या अनेकांना मनोमन वाटत असल्यास नवल नाही. परंतु नेमणूक नगरपालिकेची, पगार नगरपालिकेचा आणि म्हातारपणाची हमीही नगरपालिकेचीच होती. लंडनच्या वसाहत खात्याच्या पटावर त्यांचे नाव नव्हते.

८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्याने सेटलमेंट ताब्यात घेतले. त्यानंतरही बरेच ब्रिटिश पोलीस काही काळ कामावर राहिले, कारण लाखो लोकांच्या शहरात बंदोबस्त कोलमडला असता तर त्याचा पहिला फटका सामान्य रहिवाशांना बसला असता. पुढे एकेकाला काढण्यात आले. ५ नोव्हेंबर १९४२ रोजी तीनशेहून अधिक परदेशी पुरुषांना पकडून हैफाँग रोडच्या छावणीत डांबले गेले आणि त्यांत पोलीस दलातलेही अनेक जण होते. उरलेल्यांची रवानगी १९४३ च्या सुरुवातीला लुंगह्वा, पूतुंग अशा छावण्यांत झाली. हैफाँग रोडच्या एका कैद्याचा, जो पूर्वी याच दलात अधिकारी होता, केंपेताईच्या, म्हणजे जपानी लष्करी पोलिसांच्या, छळामुळे १९४३ मध्ये मृत्यू झाला.

हे लोक तारेच्या कुंपणाआड असतानाच त्यांचा मालक नाहीसा झाला, आणि माझ्या मते सर्वांत मोठा अन्याय इथे आहे. ११ जानेवारी १९४३ रोजी चुंगकिंग येथे ब्रिटन आणि चीन यांच्यात करार होऊन ब्रिटनने चीनमधले आपले विशेष हक्क सोडले, आणि सेटलमेंटची मालमत्ता व देणी दोन्ही चीन सरकारकडे जातील असे ठरले. विशेष हक्क सोडणे न्याय्यच होते. ते फार आधी व्हायला हवे होते. पण त्या देण्यांमध्ये या माणसांची पेन्शनही होती, आणि ती दुसऱ्याच्या खात्यावर टाकताना त्यांना विचारण्याची सोयच नव्हती. युद्ध संपल्यावर चीनमध्ये यादवी पेटली, चलन इतके कोसळले की ऑगस्ट १९४८ मध्ये नवा युआन तीस लाख जुन्या युआनांच्या बदल्यात काढावा लागला, आणि १९४९ मध्ये सरकारच बदलले. ब्रिटिश सरकारची भूमिका अशी की देणे चीनचे आहे. नव्या चिनी सरकारने जुन्या नगरपालिकेची ती देणी फेडली नाहीत. मंजुरी देणारे कार्यालयच उरले नाही, मग कैदेचा काळ सेवेत धरायचा की नाही हे तरी कोणी ठरवायचे?

हाँगकाँगशी तुलना केली की फरक स्पष्ट दिसतो. तेथील ब्रिटिश पोलीस अधिकारीही जपान्यांच्या स्टॅन्ली छावणीत कैदेत होते, पण १९४५ नंतर तेच वसाहत सरकार पुन्हा उभे राहिले आणि सेवेचा धागा जोडता आला. डच ईस्ट इंडीजच्या, म्हणजे आजच्या इंडोनेशियाच्या, बाबतीत नेदरलँड्सने १९५० च्या कायद्याने डच नागरिक असलेल्या मुलकी नोकरांच्या पेन्शनची हमी घेतली, तरी कैदेतल्या काळाच्या थकीत पगाराचा वाद तेथे पुढची अनेक दशके चालला. अखेर १५ ऑगस्ट २०१५ रोजी हयात असलेल्या पात्र कर्मचाऱ्यांना आणि सैनिकांना प्रत्येकी २५,००० युरो देण्याचे ठरले. बहुतेक जण तोवर वारले होते.

आपल्या प्रश्नात कैदेची भरपाई आणि पेन्शन यांची थोडी सरमिसळ झाली आहे. जपानशी झालेल्या १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहानंतर ब्रिटिश नागरी कैद्यांना मिळालेले सुमारे ४८ पौंड, किंवा नोव्हेंबर २००० मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केलेले १०,००० पौंड, ही भोगलेल्या हालांबद्दलची रक्कम होती. पेन्शन हे केलेल्या नोकरीचे उरलेले वेतन आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. तो निकाल शांघायला लागू नाही हे उघड आहे, पण त्यातले तत्त्व मला तिथेही खरे वाटते.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की, ३० मे १९२५ रोजी नानकिंग रोडवर निःशस्त्र चिनी निदर्शकांवर गोळ्या झाडणाऱ्या दलाच्या माणसांसाठी कळवळा कशाला. तो गोळीबार अक्षम्य होता आणि ज्यांनी तो केला त्यांच्यावर खटले चालायला हवे होते. परंतु शिक्षा करायची तर गुन्हा सिद्ध करून करावी. वीस वर्षे रस्त्यावर पहारा दिलेल्या प्रत्येकाचे निवृत्तिवेतन बुडू देणे ही त्यावरची शिक्षा होऊ शकत नाही. ज्या सरकारने करार केला, त्याने ही पेन्शन आधी स्वतःच्या तिजोरीतून सुरू करायला हवी होती आणि वसुलीचा तगादा चीनकडे मग लावायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. हेच शीख आणि चिनी शिपायांनाही लागू व्हायला हवे होते. ब्रिटिश अधिकाऱ्याला निदान आपल्या खासदाराला पत्र लिहिता येत होते. पंजाबातल्या गावी परतलेल्या शिपायाला ती वाटही उपलब्ध नव्हती.